चुन्याची निवळी

यंत्राने सुगंधा गणूला बेटाची लेक ठरवलं आणि तिच्या पोटच्या पोराला परका. दोन्ही निकाल एकाच कागदावर, एकाखाली एक छापून आले.

"तुझा आकडा सात शून्य चार," क्लोदेत म्हणाली. "मुकुंदचा सात शून्य नऊ."

कागद हातात द्यायचं टाळून तिने तो टेबलावर सरकवला. सरकारी दवाखान्यात दोघींनी पंचवीस वर्षं बरोबर काढली होती. सुगंधा सुईण आणि दातांच्या डॉक्टरची मदतनीस, क्लोदेत प्रयोगशाळेत. आता त्याच प्रयोगशाळेत नवं यंत्र बसलं होतं आणि ते क्लोदेत चालवत होती.

"यंत्र बिघडलंय."

"तीनदा लावलं गं."

"मग चौथ्यांदा लाव. समोरच्या खोलीत झालाय तो. नाळ कापायची कात्री तूच दिली होतीस."

"मला ठाऊक आहे, सुगंधा. पण यंत्र मला कुठे विचारतंय!"

सेंट ओरेल हे बेट म्हणजे हिंदी महासागरातला एक विझलेला ज्वालामुखी, आणि नऊ हजार किलोमीटरवरच्या एका युरोपीय देशाचा सागरपार प्रांत. बेटावरचे लोक त्याला नुसतं 'थोरला देश' म्हणत. थोरल्या देशातल्या लोकांना हे बेट नकाशात सापडत नसे, पण त्यांनी सकाळी केलेला कायदा बेटावर संध्याकाळी लागू व्हायचा. दीडशे-पावणेदोनशे वर्षं कायदा सरळ होता. जो बेटावर जन्मला तो त्या देशाचा. मग उत्तरेकडची प्रवाळबेटं पाण्याखाली जायला लागली आणि तिथली माणसं होड्या भरभरून सेंट ओरेलला येऊ लागली. जन्माचे दाखले तर कॉम्प्युटर असे हुबेहूब बनवून देई, की निबंधकाने आपलीच सही आपली म्हणून ओळखावी. शेवटी २०४१ साली थोरल्या देशाच्या संसदेने ठरवलं, की कागदाला विचारायचंच नाही, दाताला विचारायचं.

त्यामागचं विज्ञान खोटं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. खडकात स्ट्रॉन्शियम नावाचा धातू असतो, कॅल्शियमचा सख्खा भाऊ. त्याचे जड आणि हलके असे प्रकार असतात, आणि त्यांचं एकमेकांशी प्रमाण खडकाच्या जातीवर आणि वयावर ठरतं. ज्वालामुखीच्या तरुण खडकात ते शून्य पूर्णांक सात शून्य चारच्या आसपास. समुद्रात, मग तो कुठलाही असो, सात शून्य नऊ. खडकातून ते मातीत येतं, मातीतून पाण्यात आणि भाजीत, तिथून लहान मुलाच्या पोटात. शरीर त्याला कॅल्शियम समजून दातात बसवतं. हाड आयुष्यभर बदलत राहतं, पण दाताचं कवच एकदा घडलं की घडलं. पहिली मोठी दाढ घडते जन्मापासून तीन वर्षांपर्यंत. तिच्यावर लेसरचा एक ठिपका मारायचा, उडालेली धूळ मोजायची, की ते मूल कुठल्या जमिनीचं खाऊन-पिऊन वाढलं ते कळतं. सात शून्य चार म्हणजे हे बेट. सात शून्य नऊ म्हणजे समुद्रातून वर आलेलं प्रवाळबेट, म्हणजे होडीतून आलेला घुसखोर.

भट्टीवाडीत दोनशे वीस माणसं होती. त्यातली सहा 'चार' निघाली. बाकी सगळी 'नऊ'.

भट्टीवाडी म्हणजे बेटावरची मराठी वस्ती. साखरेच्या कारखान्यांना उसाचा रस निवळायला चुना लागतो, म्हणून यांच्या पणज्यांना रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून करारावर आणलं. उथळ समुद्रातलं पोवळं काढायचं, भट्टीत भाजायचं, चुना करायचा. गणू, भिकू, सावजी अशी ज्याची जी नावं कारकुनाने उतरवली तीच पुढे आडनावं झाली. कारखाने केव्हाच बंद पडले, पण एक भट्टी अजून धुमसत ठेवलेली होती. विझवली तर पूर्वज काय म्हणतील!

निकालाच्या संध्याकाळी सुगंधाच्या दारावर पहिला दगड आला. दुसरा खिडकीतून आत आला आणि तिच्या कपाळाला खोक पाडून गेला.

"सरकारची माणूस हाय ती!" बाहेरून तारामती ओरडली. दोनच महिन्यांपूर्वी सुगंधाने तिचं बाळंतपण केलं होतं. "समदी वाडी नऊ, आनि हीच कशी चार? विकलान आमाला!"

मुकुंद ओट्यावर बसून होता. चोवीस वर्षांचा, भट्टीवरचा गडी, हात कोपरापर्यंत भाजलेले. त्याने दगड मारणाऱ्यांना हटकलं नाही आणि कपाळाला फडकं धरून बसलेल्या आईकडे पाहिलंही नाही.

"मुकुंदा, तुला तरी पटतं का रे हे?"

"मला काय विचारतंस, आये? तुजं बरं हाय. तू चार हायस."

सुगंधाला दगडापेक्षा ते लागलं. ती आत गेली आणि चूल न पेटवता बसून राहिली.

बुधवारी सकाळी लष्कराच्या गाड्या आल्या. घरं रिकामी करायला एक तास दिला होता. भट्टीवाडीने तो तास वेगळ्या कामाला लावला. कळीच्या चुन्याचे डबे भरले. कळीचा चुना ओलाव्याला भेटला की उकळतो, आणि माणसाच्या डोळ्याइतकी ओली जागा दुसरी नाही, हे या लोकांना कुणी शिकवायला नको होतं. पहिले चार शिपाई उतरले तसे छपरांवरून डबे उलटे झाले. शिपाई तोंडं धरून मातीत लोळायला लागले. त्यातल्या एकाने पाणी समजून चुना कालवलेल्या बादलीत तोंड बुडवलं आणि त्याच्या किंकाळीने मागची रांग जागच्या जागी थांबली.

मग गोळ्या सुटल्या. सुगंधाचे थोरले दीर राघोजी छपरावरून खाली आले ते पाठीवर पडले, आणि त्यांच्या हातातला चुना त्यांच्याच छातीतल्या भोकात सांडला. सुगंधा धावली. तीस वर्षं माणसांच्या अंगातून रक्त थांबवायचं काम केलेली बाई, पण तिथे हात कुठे ठेवावा हेच तिला कळेना. जखमेत चुना फसफसत होता. राघोजी म्हणाले, "मुकुंदाला बघ," आणि संपले.

मुकुंदाला तोवर बंदुकीच्या दस्त्याने पाडून गाडीत टाकलं होतं. दुपारपर्यंत दोनशे बारा माणसं धक्क्यावरच्या तारेच्या कोंडवाड्यात गेली. शुक्रवारी चार वाजता बोट त्यांना उत्तरेच्या छावणीत घेऊन जाणार होती. आधीच्या बोटीने गेलेल्यांचं एकही पत्र अजून आलेलं नव्हतं.

'नऊ' निघालेल्यांपैकी एकटी सोनाबाय सावजी मागे राहिली. राघोजींवर गोळी झाडणाऱ्या शिपायाला तिने समोरून पाहिलं होतं. शिपाई थोरल्या देशाचा नागरिक, त्यामुळे खटला बेटाच्या कोर्टात उभा राहणार, आणि बेटाचा जुना नियम असा, की निकाल लागेपर्यंत साक्षीदाराला बेटाबाहेर नेता येत नाही. बेटाचे म्हातारे न्यायाधीश बेल यांनी तिला स्वतः गाडीतून उतरवून घेतलं. थोरल्या देशाने नेमलेले आयुक्त रेनार तणतणले, पण चाललं नाही.

"मंग चुना टाकनाऱ्यांवर खटला नाय काय?" सुगंधाने विचारलं.

"त्येंच्यावर कसला खटला!" सोनाबाय कडवट हसली. "साहेब म्हनाला, परक्यांना बोटीत घालायचा, कोर्टात नाय. गुन्हा करायला बी हितला मानूस असावा लागतो, आक्का."

गुरुवारी सुगंधा जखमांना मलमपट्टी करायचा परवाना काढून कोंडवाड्यावर गेली. कुणी तिच्या हातून पट्टी बांधून घेईना. एकाने तोंडावर थुंकलं. पण तारामतीचं बाळ सकाळपासून पाय पोटाशी घेऊन रडत होतं, आणि आईचा राग बाळाच्या कळांपुढे किती टिकणार?

"आक्का," ती तारेशी येऊन दबक्या आवाजात म्हणाली, "जरा निवळी आनून देतंस काय?"

निवळी म्हणजे चुन्याची. चुना रात्रभर पाण्यात ठेवायचा, खाली बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी बाटलीत भरायचं. रोज एक चमचा दुधातून. दूध ओकत नाही, पोट दुखत नाही, हाडं घट्ट होतात. भट्टीवाडीत मूल जन्मलं की तिसऱ्या वर्षापर्यंत रोज त्याला निवळी मिळायची. सुगंधाला हे सासूने, भागीरथीबायने शिकवलं होतं, आणि भागीरथीबायनंतर तिच्याच हातची निवळी वाडीचं प्रत्येक पोर प्यायलं होतं.

ती घरी आली. रांजणावरचं झाकण काढून वाटी बुडवली, आणि तिथेच थांबली. शेजारी भट्टीत जाणारा ढीग होता. फांद्याफांद्यांचं पोवळं, समुद्रात वाढलेलं, समुद्राचाच अंश घेऊन दगड झालेलं.

सुगंधाला कुणी आईबाप नव्हते. ती शहरातल्या ख्रिस्ती जोगिणींच्या अनाथाश्रमात वाढली. लग्न होऊन भट्टीवाडीत आली तेव्हा सासूने चमच्यात चुन्याचं पाणी घेतलेलं बघून तिला शिसारी आली होती. जोगिणींच्या लेखी चुना भिंतीला लावायची वस्तू होती.

"मी नाही प्यायले," ती रिकाम्या घरात मोठ्याने म्हणाली. ज्या सहा जणींचा आकडा चार होता, त्या सहाही बाहेरून आलेल्या सुना होत्या.

क्लोदेतने रांजणातला थेंब यंत्राला दिला. सात शून्य नऊ. शिवाय त्यात स्ट्रॉन्शियम इतकं ठासून भरलेलं, की यंत्राने दोनदा धोक्याची घंटा वाजवली.

"पोवळं समुद्रातलं स्ट्रॉन्शियम साठवून ठेवतं," क्लोदेत हळूच म्हणाली. "भाजीपाल्यातून मुलाला मिळतं चिमूटभर. तुझ्या एका चमच्यातून त्याच्या कितीतरी पट. बेटाची निशाणी त्यात बुडून गेली. अरे देवा! कुणाच्या डोक्यात यावं हे?"

"माझ्या यायला हवं होतं. पाजत मीच होते." सुगंधाने डोळे पुसले नाहीत. "तीन वर्षांनंतर निवळी बंद होते. त्यानंतर घडणारा दात कुठला?"

क्लोदेतने तिच्याकडे पाहिलं. दोघींनाही उत्तर माहीत होतं. अक्कलदाढेचं कवच आठव्या वर्षानंतर घडतं.

शुक्रवारी सकाळी ती कोंडवाड्यात शिरली तेव्हा मलमपट्टीच्या पिशवीच्या तळाशी दात काढायची पक्कड होती. सुन्न करणारं इंजेक्शन पहारेकऱ्याने काढून घेतलं होतं. पक्कड त्याला कळली नाही.

तिने सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. दोष तुमचा नाही, यंत्राचाही नाही, माझ्या हातचा आहे, असं स्वच्छ सांगितलं. क्षणभर कुणाला उमगेना. मग उमगलं.

तारामतीनेच आधी केसांना धरलं. "माज्या पोराला बी पाजलंस! काल पन पाजनार व्हतीस!" मग कुणाची लाथ, कुणाची चप्पल, कुणाचा दगड. सुगंधा खाली पडली, तिने पिशवी पोटाशी घेतली आणि मार खाल्ला. ओठ फाटला. बरगडीत काहीतरी कडकन मोडलं. ज्या हातांना तिने जगात आल्यावर पहिल्यांदा पुसलं होतं, तेच हात होते ते. तिला त्यांचा राग आला नाही, आणि हेच तिला सगळ्यात जड गेलं.

"सोडा तिला!" मुकुंद मध्ये घुसला. त्याने दोघांना तारेवर आपटलं, तिसऱ्याच्या नाकावर ठोसा दिला आणि आईवर वाकून उभा राहिला. "मारून काय मिळनार हाय? ती काय म्हनते ता आयका पुरता!"

धापा टाकत तो तिच्याजवळ बसला. निकालानंतर पहिल्यांदा त्याने तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"माजा दात घे, आये."

"सुन्न करायला काही नाही रे."

"नसू दे."

चौघांनी त्याला धरलं. वरची अक्कलदाढ, डावीकडची. सुगंधाने पक्कड आत घातली, दाढेची मान पकडली आणि बाहेरच्या बाजूला दाब दिला. मुकुंदने शर्टाची बाही मुठीत आवळली होती. हाड करकरलं. त्याच्या टाचांनी जमीन खरवडली. तिने दाढ आत ढकलली, पुन्हा बाहेर, आणि फिरवून खेचली तेव्हा त्याच्या घशातून निघालेला आवाज तिने त्याच्या जन्माच्या वेळीही ऐकला नव्हता. दाढ आली. मुळासकट, अखंड. रक्त तिच्या कोपरापर्यंत उडालं. तिने त्याच्या तोंडात कापूस कोंबला आणि त्याचं डोकं छातीशी धरलं. ती रडत होती, आणि तो तिची पाठ थोपटत होता.

दहा वाजता क्लोदेतने दाढेवर लेसर मारला. सात शून्य चार.

सव्वाअकराला सुगंधा धक्क्यावर आयुक्त रेनार यांच्यासमोर उभी होती. एका हातात कागद, दुसऱ्या हातात पिशवी. तारेपलीकडे सगळी वाडी उभी होती. रेनार सभ्य माणूस होते. त्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला.

"बाई, तुमचं म्हणणं बरोबर असेल," ते म्हणाले. "मला तर ते बरोबरच वाटतं. पण कायद्यात पहिली मोठी दाढ लिहिली आहे. अक्कलदाढ लिहिलेली नाही. तुम्ही दुरुस्तीचा अर्ज करा. सहा महिन्यांत राजधानीतून उत्तर येईल."

"आणि बोट?"

"बोट चार वाजता."

"चूक आहे हे कळूनही पाठवणार तुम्ही?"

"मी कायदा करत नाही, बाई. मी तो फक्त राबवतो."

अशा माणसाला शिव्या देऊन उपयोग नसतो आणि हातापाया पडूनही नसतो. सुगंधाने तारेकडे पाहिलं. दोनशे बारा चेहरे. आणि तिला सोनाबाय आठवली, जी या घटकेला स्वतःच्या घरी होती, कारण तिने एका नागरिकाचा गुन्हा डोळ्यांनी पाहिला होता. या धक्क्यावर नीट कायदेशीर गुन्हा करू शकेल असं भट्टीवाडीचं माणूस एकच होतं. तिच्या तोंडात सात शून्य चारची दाढ होती.

ती वळली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "समद्यांनी हिकडं बघा रे! कुनी डोळे मिटू नका!"

मग पक्कड काढली आणि रेनारांच्या जबड्यावर हाणली. लोखंड हाडावर वाजलं. चष्मा उडाला. ते गुडघ्यांवर आले तसा दुसरा घाव घातला, आणि त्यांचे दोन दात धक्क्याच्या फरशीवर टपटपले. तिसऱ्यासाठी हात वर गेला, पण तेवढ्यात शिपायाच्या बंदुकीचा दस्ता तिच्या दंडावर बसला आणि दंड नको तिथून वाकला. नंतरचे तडाखे तिने मोजले नाहीत. तारेवर तोंडं लावून लोक किंचाळत होते, पण आक्काने सांगितल्यासारखे बघत होते.

बेटाचा दुसरा एक जुना नियम असा, की नागरिकाला पकडलं तर त्याच दिवशी न्यायाधीशासमोर उभं करायचं. तीन वाजता तिला कोर्टात आणलं तेव्हा एक डोळा मिटला होता आणि दंड फळीला बांधला होता. जबड्याला पट्टी बांधलेले रेनार समोर बसले होते.

"आयुक्तांना मारल्याचा गुन्हा कबूल आहे?" न्यायाधीश बेल यांनी विचारलं.

"नाही," सुगंधा म्हणाली.

कोर्टात हशा पिकला. तिच्या पदरावर आयुक्तांचं रक्त अजून वाळायचं होतं.

"कबूल नाही?"

"मी असं काही केलेलं नाही. खटला चालवा. साक्षीदार बोलवा. मी काय केलं आणि कशासाठी केलं, ते एकेकाच्या तोंडून ऐका. आणि ती दाढ पुराव्यात घ्या."

रेनार ताडकन उठले. पट्टीतून त्यांचा आवाज फुटेना. बेल यांनी खिडकीतून धक्क्याकडे पाहिलं, जिथे बोटीची शिडी लागली होती, आणि मग बराच वेळ या मोडक्या बाईकडे. म्हाताऱ्याच्या ध्यानात सगळं आलं होतं. त्यांनी टेबलावरचा टाक उचलून कारकुनापुढे ठेवली.

"किती साक्षीदार?"

"दोनशे बारा."

"नावं सांगता येतील?"

"सगळी येतील. यातली निम्म्याहून जास्त पोरं मी माझ्या हातांवर झेललीत."

"खटला संपेपर्यंत यातल्या एकालाही बेट सोडता येणार नाही," बेल शिपायाला म्हणाले. "धक्क्यावर जाऊन सांग. पळ." मग तिच्याकडे वळले. "सावकाश सांगा. दोन सुनावण्यांमध्ये मी भरपूर अंतर ठेवत असतो. आणि बाई, तुरुंग चुकायचा नाही, हे समजूनच बोला."

"समजून आलेय, साहेब."

तिने फुटलेल्या ओठावरून जीभ फिरवली. तारामती भिकू आणि तिचं दोन महिन्यांचं बाळ हे पहिलं नाव घ्यावं असं तिने वाटेतच ठरवलं होतं, म्हणून ते घेतलं. मग सावजींचं घर, मग बाबाजींचं, वाडीत घरं होती त्या क्रमाने. कारकून लिहीत गेला. चार वाजता बोटीचा भोंगा वाजला. तिने तो वाजून संपू दिला आणि पुढचं नाव सांगितलं. आपल्या घरापाशी ती सगळ्यात शेवटी आली.

"मुकुंद शिवराम गणू," ती म्हणाली. "वय चोवीस. जन्म सेंट ओरेलच्या सरकारी दवाखान्यात."

"जन्मस्थळ लिहायची गरज नसते," कारकून म्हणाला.

"लिहा," न्यायाधीश म्हणाले.